हे कशावरून?

वाशिमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. त्या शाखेचा संस्थापक सर्वसेन राजा होता, तसा कवीही होता. महाराष्ट्री प्राकृतात त्याने ‘हरिविजय’ नावाचे काव्य लिहिले. ते काव्य आज उपलब्ध नाही. मग असे काव्य होते, त्यात कृष्णाने सत्यभामेसाठी पारिजात आणल्याची कथा होती, आणि रसाच्या गरजेप्रमाणे कथानक वाकवण्याचे धाडस कवीने केले होते, हे आपल्याला कसे कळले? आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त सर्वसेनाचा दाखला दिला, भोजाने त्याच्या ओळी उदाहरणादाखल उतरवून घेतल्या, हेमचंद्रानेही त्याची दखल घेतली, म्हणून. काव्य गेले, काव्याची चिकित्सा करणारे ग्रंथ राहिले, आणि वाशिमच्या कविराजाची आठवण त्यांनीच राखली.

आपल्याकडे सर्रास याच्या उलट समजतात. कथा-कादंबरी-कविता म्हणजे खरे साहित्य, ते टिकते; इतिहास, विज्ञान, संगीत, आरोग्य यांवरची पुस्तके म्हणजे ‘अभ्यासाची’, गरज संपली की शिळी होणारी. वास्तविक साहित्य अकादमीने मराठीसाठी पहिला पुरस्कार दिला तो १९५५ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथाला. पुढे इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’, दुर्गाबाई भागवतांचे ‘पैस’, रा. चिं. ढेऱ्यांचे ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ ही पुस्तकेही याच मानाची ठरली. लेखकांची वाण नव्हती. वाण आहे ती अशा पुस्तकांकडे जाण्याच्या वाटेची, आणि ती वाट जिल्ह्याच्या गावी सर्वांत लवकर बुजते. म्हणून हा विचार मी पुण्या-मुंबईच्या ग्रंथदालनांतून न करता वाशिम जिल्ह्यातून करतो आहे.

हा जिल्हा सध्याच्या रूपात १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्याआधी इंग्रजी अमलात बासीम नावाचा जिल्हा होताच. तो १९०५ साली मोडला. आज वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके. बातम्यांत नाव येते ते सोयाबीनच्या भावामुळे, पावसाने दिलेल्या ओढीमुळे, किंवा २०१८ साली केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत समावेश झाला म्हणून. पुस्तकांच्या संदर्भात वाशिमचे नाव कोणी काढत नाही. माझे म्हणणे असे की ज्ञानाची पुस्तके का वाचावीत आणि कशी वाचावीत, हे शिकायला याच्याइतका सोयीचा जिल्हा दुसरा नाही. कारण ज्ञानाच्या पुस्तकाचे खरे काम माहिती देणे हे नव्हेच, ‘हे कशावरून?’ या प्रश्नाला तोंड देणे हे आहे. आणि या प्रश्नाचे धडे इथल्या मातीत पसरलेले आहेत.

पहिला धडा ताम्रपटाचा. १९३९ साली वाशिममध्ये विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट उजेडात आला. राजाच्या सदतिसाव्या राज्यवर्षी वत्सगुल्माहून दिलेले हे दानपत्र. दान दिलेले गाव नंदिकड म्हणजे नांदेडच्या परिसरातले. वंशावळ संस्कृतात, व्यवहाराचा मजकूर प्राकृतात. तोवर सर्वसेनाचे नाव वाकाटकांच्या वंशावळीत नव्हते. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वराहदेवाने, म्हणजे हरिषेण राजाच्या मंत्र्याने, कोरवलेला लेख आहे. पण तो झिजलेला, आणि आधीच्या वाचनात हे नाव सुटले होते. वाशिमचा ताम्रपट हाती आल्यावर महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी लेण्यातला लेख नव्याने वाचला आणि १९४१ साली प्रसिद्ध केला. दोन्हीकडची वंशावळ जुळली. अजिंठ्याच्या ऐन बहराच्या काळाशी ज्या हरिषेणाचे नाव जोडले जाते, तो वाशिमच्या गादीचा राजा होता, हे अशा रीतीने पक्के झाले.

मिराशींनी हा विषय पुढे ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’ या ग्रंथात मराठीत मांडला. या प्रकारचे संशोधन वाचताना मौज येते ती निष्कर्षापेक्षा वाटेची. कुठले अक्षर पुसट आहे, आधी कोणी काय वाचले, ते का पटत नाही, दुसरा पुरावा कुठून मिळतो. ‘आपले गाव वाकाटकांची राजधानी होते’ एवढे वाक्य कुणीही स्वागतकमानीवर रंगवू शकतो. ते वाक्य एका झिजलेल्या अक्षरावरून आणि तांब्याच्या पत्र्यांवरून कसे सिद्ध झाले, हे ज्याने वाचले त्याला आपल्या गावाचा अभिमान बाळगता येतो आणि त्याची बाजूही मांडता येते.

दुसरा धडा कारंज्याचा. कारंजा म्हटले की बहुतेकांना दत्त संप्रदायातले नृसिंहसरस्वती आठवतात, आणि ते बरोबरच आहे. पण याच कारंज्यात सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन भट्टारक परंपरांची जैन मंदिरे आहेत आणि त्यांच्या शास्त्रभांडारांत शतकानुशतकांच्या पोथ्या सांभाळलेल्या होत्या. पोथी लिहवून घेऊन मंदिराला देणे हे जैन परंपरेत शास्त्रदान. पोथीच्या शेवटी प्रशस्ती असते: कोणत्या संवतात, कोणत्या गावी, कोणाच्या द्रव्याने, कोणाच्या पठणासाठी, कोणी नक्कल केली. व्रत पुरे झाले म्हणून एखाद्या बाईने पोथी लिहवून दिली, अशा नोंदीही या प्रशस्त्यांत असतात. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीच्या दिवशी, बासने सोडायची, पोथ्यांना हवा दाखवायची, त्यांची पूजा करायची आणि नव्या वेष्टनात त्या पुन्हा बांधायच्या. वाळवी, दमट हवा आणि विसर या तिन्ही शत्रूंवर ही रीत हा चांगलाच उपाय होता.

पण पूजेने पोथी टिकते, वाचली जातेच असे नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत अपभ्रंश भाषेतले मोठे ग्रंथ विद्वानांना जवळपास अज्ञात होते. मराठी, गुजराती, हिंदी या भाषा प्राकृतापासून आजच्या रूपाला कशा आल्या, यातला मधला दुवाच हाती नव्हता. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ साली प्रसिद्ध केली. तिच्यात कारंज्याच्या पोथ्यांची नोंद आली आणि जाणकारांचे डोळे विस्फारले. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणारे प्रा. हिरालाल जैन यांनी या पोथ्यांचे काम मनावर घेतले. ‘कारंजा जैन ग्रंथमाला’ सुरू झाली. १९३१ साली परशुराम लक्ष्मण वैद्यांनी संपादलेले पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ आले. मागोमाग ‘सावयधम्मदोहा’, ‘णायकुमारचरिउ’, ‘पाहुडदोहा’, ‘करकंडचरिउ’ हे ग्रंथ हिरालाल जैनांनी काढले. दहाव्या शतकात मान्यखेटला बसून लिहिणारा पुष्पदंत जगाच्या अभ्यासकांपर्यंत पोचला तो कारंज्याच्या कपाटांतून.

या सगळ्यात मला महत्त्वाची वाटते ती पोथी ठेवणाऱ्यांची दानत. धर्मग्रंथ परक्या हातात द्यायचे, छापू द्यायचे, पाठभेद लावू द्यायचे, याला त्या काळी सगळीकडे राजीखुशीची संमती नव्हती. कारंज्याने कुलूप उघडले म्हणून पोथीचे पुस्तक झाले. इतर प्रतींशी पडताळून, तळटीपा देऊन, ‘हा पाठ कशावरून घेतला’ हे सांगणारे पुस्तक.

तिसरा धडा जरा बोचरा आहे. ज्या रायबहादूर हिरालालांनी हस्तलिखितांची सूची केली, तेच आर. व्ही. रसेल यांच्या जोडीने मध्यप्रांतातल्या जाती-जमातींवरच्या चार खंडांचे सहकर्ते होते. हे खंड १९१६ सालचे. त्यात बंजारा समाजावर मोठे प्रकरण आहे. बंजाऱ्यांच्या, म्हणजेच लमाणांच्या, बैलांच्या तांड्यांनी फौजांना धान्य कसे पुरवले, याची मोलाची माहिती त्यात मिळते. पण जादूटोणा, नरबळी आणि गुन्हेगारी यांची चर्चाही त्याच ऐटीत येते. काळ लक्षात घ्यायला हवा: १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाला जन्मावरूनच संशयित ठरवण्याची सोय केलेली होती. महाराष्ट्रात बंजारा समाज आजही विमुक्त जातींच्या यादीत आहे. विमुक्त म्हणजे त्या कायद्याच्या बेडीतून सुटलेले. साहेबाने आणि त्याच्या विद्वान सहकाऱ्याने लिहिले, छापले, म्हणून ते ज्ञान झाले. आणि ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना ते वाचण्याची सोयही नव्हती.

मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे श्रद्धास्थान. संत सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. तिथे येणाऱ्या शिकलेल्या तरुणाने रसेल-हिरालाल वाचावेत का? जरूर वाचावेत, पण आत्माराम राठोडांच्या ‘तांडा’सारखे आतून लिहिलेले पुस्तक शेजारी ठेवून वाचावेत. बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसले, काय दिसले नाही, आणि जे दिसले त्याला त्याने कोणते नाव दिले, हे दोन पुस्तके समोरासमोर ठेवल्याशिवाय उमगत नाही. छापील पुस्तकाला नमस्कार करण्याची सवय ज्ञानाच्या पुस्तकाबाबत घातकच. कारंज्याच्या सूचीचे ऋण मानावे आणि त्याच ग्रंथकाराला बंजाऱ्यांच्या बाबतीत जाब विचारावा. यात विसंगती काहीच नाही.

विज्ञानाचे उदाहरण जिल्ह्याच्या सीमेला लागूनच आहे. रिसोड-मालेगावकडच्या शाळांच्या सहली लोणारला जातात. लोणार बुलडाणा जिल्ह्यात असले तरी इथल्या मुलांना ते घरचेच. लवणासुराची कथा सगळ्यांना पाठ असते, ‘उल्केमुळे झाले’ हेही पाठ असते. दोन्ही गोष्टी मुले सारख्याच भक्तिभावाने सांगतात, हीच तर अडचण आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर ज्वालामुखीचे असावे असे दीर्घकाळ मानले जात होते, आणि ते वेडेपणाचे नव्हते. आजूबाजूचा सगळा दगड लाव्हाचाच आहे. मग १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे खोल छिद्रे घेतली, दगडांचे नमुने तपासले, तेव्हा प्रचंड आघाताच्या दाबाखालीच तयार होणारी मॅस्केलिनाइट नावाची काच त्यात सापडली. ज्वालामुखीत तसा दाब निर्माण होत नाही. वाद तिथे निकालात निघाला.

बरे, विवराचे वय किती? जुन्या पुस्तकांत बावन्न हजार वर्षे किंवा त्याच्या आसपासचा आकडा मिळतो. तो एका पद्धतीने काढलेला होता. पुढे आरगॉन समस्थानिकांच्या पद्धतीने मोजणी झाली आणि २०१०च्या सुमारास पाच लाख सत्तर हजार वर्षांचा आकडा पुढे आला. अकरा पटींचा फरक! एखादा म्हणेल, शास्त्रज्ञांचेच जमत नाही तर आम्ही कशावर विश्वास ठेवायचा? उत्तर साधे आहे. ज्या पुस्तकात आकडा कोणत्या पद्धतीने काढला हे सांगितलेले असते, त्यावर. कारण तेच पुस्तक दुरुस्त होऊ शकते. म्हणून विज्ञानाचे पुस्तक हाती घेतल्यावर आवृत्तीचे साल आधी पाहावे, आणि ग्रंथालयात एका विषयाची जुनी-नवी दोन्ही पुस्तके असावीत. कादंबरीच्या बाबतीत ही काळजी लागत नाही.

आरोग्याच्या बाबतीत तर ‘हे कशावरून?’ हा प्रश्न जिवाशी येतो. मोबाइलवर सकाळी मधुमेह मुळापासून घालवणारा काढा येतो, दुपारी लसीविषयीची भीती येते. खाली सही कुणाचीच नसते. याच्याशी मराठीतल्या चांगल्या आरोग्यलेखनाची तुलना करून पाहावी. र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. लोकांनी बहिष्कार टाकला, खटले झाले. १९३४च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. कर्वे वाचकाला लाजवत नव्हते आणि फसवतही नव्हते. आपल्याच विदर्भातले डॉ. अभय बंग ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ लिहितात तेव्हा स्वतःच्या शरीरावरच्या अनुभवाला ते संशोधकाच्या शिस्तीने तपासतात. कुठे अनुभव बोलतो आहे आणि कुठे अभ्यास, हे वाचकाला कळते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी काढलेला ‘कोवळी पानगळ’ हा बालमृत्यूंचा अहवाल तर मराठीतच लिहिलेला. सरकारी कागदांवरचे बालमृत्यू आणि गावोगाव नोंदवून मोजलेले बालमृत्यू यांतली दरी त्याने दाखवली आणि शासनाला त्याची दखल घ्यावी लागली. आकडेवारीचे रूक्ष पुस्तक सामान्यांना झेपत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा अहवाल पाहावा. मोजणी कशी केली हे सरळ मराठीत सांगितले की सामान्य माणसाला सगळे झेपते.

आता आजच्या ग्रंथालयात शिरू. तालुक्याच्या गावातल्या कोणत्याही वाचनालयात सकाळी गेलात तर गर्दी दिसते, आणि ती अभ्यासिकेत असते. फळीने पाडलेले कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक मान खाली घातलेला मुलगा किंवा मुलगी, पाण्याची बाटली, चार्जरची वायर, आणि पोलीस भरती, तलाठी, राज्यसेवा यांचे जाडजूड संच. ओळीखाली ओळ, तीन रंगांत. बाहेरच्या खोलीत तीन-चार ज्येष्ठ नागरिक वर्तमानपत्रे वाटून घेऊन वाचत असतात. पुस्तकांची कपाटे दोन्हींच्या मध्ये, बहुधा बंद. देवघेवीच्या वहीत कादंबऱ्या, चरित्रे आणि धार्मिक पुस्तके फिरताना दिसतात. शास्त्र, कला, आरोग्य यांच्या रकान्यात शुकशुकाट.

या मुलांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. सोयाबीनच्या एका हंगामावर घर चालत नसेल तर नोकरीचा ध्यास लागणारच. पण एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. मार्गदर्शक पुस्तिका वाचणे म्हणजे ज्ञानाची पुस्तके वाचणे नव्हे. पुस्तिकेत ‘लोणार : उल्कापात’, ‘वत्सगुल्म : वाकाटक’ असे जोड्या लावायला सोपे तुकडे असतात, त्या तुकड्यांमागचा वाद, चूक, पुरावा, दुरुस्ती सगळे छाटलेले असते. चार पर्यायांतून एक निवडायची सवय लागलेल्या मेंदूला पाचवा पर्याय असू शकतो ही शंका येईनाशी होते. हाच तरुण उद्या तलाठी होईल, पंचनामा करील, शेतातल्या नुकसानीचा आकडा लिहील. तो आकडा कशावरून, हा प्रश्न तेव्हा त्याने स्वतःला विचारायला हवा असेल, तर आज त्याच्या कप्प्यात संचाशेजारी एक तरी खरे पुस्तक पोचले पाहिजे.

‘सगळे मोबाइलवर मिळते, मग पुस्तक कशाला?’ हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. मराठी विश्वकोश आज घरबसल्या, फुकट वाचता येतो. ज्या मुलाच्या गावात ग्रंथालयच नाही त्याच्यासाठी हे वरदान आहे. माध्यमाशी माझे भांडण नाही. तुकड्याशी आहे. भातखंड्यांनी ‘हिंदुस्तानी संगीत पद्धती’ मराठीत लिहिली ती गुरू-शिष्यांच्या संवादाच्या रूपात. शिष्य शंका काढतो, गुरू आधार देतो, कुठे मतभेद आहे ते कबूल करतो, पुन्हा शंका येते. शेकडो पाने हे चालते, कारण रागाचे नियम ठरवायला तेवढी पाने लागतात. यातली दोन मिनिटे कापून कुणी ऐकवली तर रागाचे नाव कळेल, संगीतशास्त्रातला विचार कसा चालतो ते कळणार नाही. लांबलचक युक्तिवाद डोक्यात धरून ठेवण्याची ताकद वाचनानेच येते, मग ते कागदावरचे असो की पडद्यावरचे.

पैशाचा आक्षेपही खरा आहे. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रात अ, ब, क, ड वर्गांच्या ग्रंथालयांची आणि अनुदानाची चौकट उभी केली. देशात ती नावाजली गेली. पण लहान गावातल्या ड वर्गाच्या ग्रंथालयाला ग्रंथखरेदीसाठी उरतेच किती! मग जास्तीत जास्त सवलत देणाऱ्या विक्रेत्याचा गठ्ठा येतो आणि संख्या भरते. त्या गठ्ठ्यात काय असेल हे विक्रेता ठरवतो. इथे बदल करायला नवा कायदा लागत नाही. वर्षाला वीसच पुस्तके घ्या, पण निवडून घ्या. आपल्या जिल्ह्याविषयीचे एक कपाट करा: मिराशी, ढेऱ्यांचा ‘दत्त संप्रदायाचा इतिहास’, १९१०चे अकोला गॅझेटियर, बंजारा लेखकांची पुस्तके, लोणारविषयी जे मिळेल ते. शेजारी आरोग्याचे कपाट, आणि त्याची चावी आशा कार्यकर्तीकडेही असू द्या. अभ्यासिकेतल्या मुलांपैकी एकाने महिन्यातून एकदा एका पुस्तकावर अर्धा तास बोलावे, आणि ऐकणाऱ्यांनी टाळ्या वाजवण्याआधी ‘हे कशावरून?’ असे विचारावे. मुलाखतीची तयारी म्हणूनही ते वाया जाणार नाही.

आणि लिहिणाऱ्यांनाही एक सांगणे आहे. वऱ्हाडातले कोरडवाहू शेतीचे शहाणपण, बंजारा तांड्यावरचे गोरबोलीतले ज्ञान, पैनगंगेच्या खोऱ्यातले बदललेले पीकपाणी यांवर नीट मोजून, नोंदवून लिहिलेली मराठी पुस्तके हवी आहेत. ती लिहिणारे शिक्षक, कृषी सहायक, परिचारिका याच जिल्ह्यात आहेत. सर्वसेनाचे काव्य ज्यांनी वाचून, तपासून, टिपून ठेवले ते सगळे परमुलखातले पंडित होते. आताच्या वाशिमची नोंद तरी वाशिमकरांनी स्वतः करावी, आणि कोणी ‘हे कशावरून?’ विचारले तर दाखवायला पुरावा जवळ ठेवावा.